खेद

आठ जणांचं रक्त मांडीवर घेऊन
मी बामणडोंगरीच्या बाकावर बसले आहे.
निळा डबा, आत बर्फाच्या दोन पिशव्या,
त्यांना घाम फुटायला लागलाय.
नऊ बाराची रद्द.

हे कुणी येऊन सांगितलं नाही.
पाटीवरून नऊ बारा गेले, तिथं दहा सोळा आले,
जसे काही उलव्यात आज नऊ बारा वाजलेच नव्हते.

मग स्पीकर खाकरला.
तांत्रिक कारणामुळे, म्हणाला. कारण सांगितलं नाही.
प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल खेद आहे.
मराठीत खेद, हिंदीत खेद, इंग्रजीत जे काय असेल ते.
खेद कधी लेट होत नाही.
त्याला सिग्नल लागत नाही.

एवढ्या लांबलचक फलाटावर आम्ही पाच माणसं
आणि एक कुत्री.
पाच माणसांचा मोर्चा होत नाही.
एकजण खिडकीवर जाऊन भांडून आला.
खिडकीतला म्हणाला, मी फक्त तिकीट देतो.

सेक्टर एकोणीसच्या मनोरमा गोडांबे
काल रात्री आठपासून उपाशी होत्या.
सुई काढताच म्हणाल्या, आता चहा चालेल ना?
आत्ता त्या पोहे खाऊन पेपर वाचत असतील.
त्यांचं रक्त मात्र अजून उपाशी आहे,
इथं, माझ्या मांडीवर.

नेरूळहून नौशादचा फोन. मशीन लावून बसलाय.
ताई, कुठवर?
बामणडोंगरी.
अजून?

रक्त ताटकळलं की त्यातलं पोटॅशियम वाढतं, खोटंच.
डॉक्टरच्या कपाळाला आठी पडते, खरीच.
मग उद्या पुन्हा मी, पुन्हा तोच दंड, तीच शीर,
आणि दारात उभी सून विचारते,
काल नीट घेतलं नव्हतं का?
रिपोर्टात नाव असतं, वय असतं, नमुना घेतल्याची वेळ असते.
गाडी रद्द झाल्याचा रकाना नसतो.

रिक्षावाला नेरूळचे साडेतीनशे म्हणतो.
मला एका घरामागे चाळीस मिळतात.
आठ चोक बत्तीस, वर शून्य.
हिशेब इथंच उतरतो.

पलीकडच्या बाकावर हसुराम काका.
दोन नंबरच्या फलाटाखाली त्यांचं खाजण होतं म्हणतात,
दाखवताना बोट दर वेळी वेगळीकडे जातं.
"भरतीचा टायम कवा चुकला नाय," ते रुळांना सांगतात,
"पंचांगात बगायचं नि बांधावर जायचं."
काका, तुम्ही कुठं निघालात?
"कुटं नाय. गाडी येते का बगाया येतो."

ऊन तिरकं होऊन छपराखाली शिरतं.
खांबाची सावली सरकली की मी डबा सरकवते.
सरकली की सरकवते.
लांब डोंगराच्या अंगाला क्रेन उभी आहे,
तीही कुणाची तरी वाट बघत असावी, किंवा नसेल,
मला आज सगळंच थांबलेलं दिसतंय.

दहा सोळाचे दहा एकतीस झाले.
स्पीकर पुन्हा खाकरला, पुन्हा खेद आहे म्हणाला,
आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं,
कुणाला?

बाजूचा मुलगा हसला.
तासभर तो पाठ न टेकता बसला होता,
शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून.
बेलापूरला अकराची मुलाखत, म्हणाला. होती.
मग डब्याकडे बघून, काय आहे यात?
आठ माणसं, मी म्हटलं.

तो पुढं काही बोलला नाही.
त्यानं फाइल उघडली,
मार्कशीट, डोमिसाइल, अनुभवाचा दाखला,
सगळं काढून मांडीखाली दाबलं,
आणि रिकामी फाइल
डब्यावर आडवी धरून बसला,
उन्हाच्या बाजूनं.
त्याची पाठ आता बाकाला टेकली होती.